कटगुणात 'फुले' शोधू नका

समजा, जोतीराव फुल्यांचे पूर्वज शोधायचे आहेत. घराणं साताऱ्याकडच्या कटगुणचं, एवढं ठाऊक आहे. तुम्ही खटाव तालुक्यातलं कटगुण गाठता, जुनी दप्तरं उघडायला लावता आणि 'फुले' शोधू लागता. हाती काही लागत नाही. कारण कटगुणात हे घराणं गोऱ्हे होतं. त्यांच्याकडे चौगुल्याचं, म्हणजे पाटलाच्या हाताखालचं वतनी काम होतं. चरित्रकार सांगतात त्याप्रमाणे पुढे गाव सुटलं, घराणं पुरंदरातल्या खानवडीला आलं आणि जोतीरावांचे आजोबा शेटिबा यांच्या वेळी पुण्यात. तिथे पुढच्या पिढीने पेशव्यांकडे फुलं पुरवायचा धंदा केला आणि लोक त्यांना फुले म्हणू लागले. १८२७ मध्ये जोतीराव जन्मले तेव्हा गोऱ्हे मागे पडले होते.

दोन-तीन पिढ्यांत एक गाव, एक काम आणि एक आडनाव बदललं. आपल्यातल्या बऱ्याच घराण्यांचं असंच आहे, फक्त आपली चरित्रं कोणी लिहिलेली नाहीत. म्हणून पूर्वजांचा माग काढताना पहिली गोष्ट ही, की आडनावाचं बोट धरून मागे जाऊ नये. गाव, जमीन आणि काम यांचं धरावं. आडनाव कधी चिकटलं, कोणी चिकटवलं, ते वाटेत आपोआप कळतं.

आडनाव ही वस्तूच मुळात अलीकडे पक्की झालेली आहे. गावात रामा म्हटलं की कोण ते सगळ्यांना माहीत असायचं. दोन रामा असले तर बापाचं नाव जोडायचं. आडनाव लागायचं ते परक्यासमोर: बाजारात, कचेरीत, फौजेत आणि पुढे शाळेत. शाळेतलं आडनाव तर मास्तरांनी रजिस्टरमध्ये उतरवलं की जन्माचं झालं. याचं सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण साताऱ्याच्या शाळेतलं. ७ नोव्हेंबर १९०० रोजी तिथे 'भिवा रामजी आंबेडकर' अशी नोंद झाली. घराण्याचं मूळ आडनाव सकपाळ, मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातल्या मंडणगड तालुक्यातलं आंबडवे. गावावरून आंबडवेकर, आणि आंबडवेकरचं आंबेडकर. आज जगभर माहीत असलेलं हे आडनाव सकपाळांच्या जुन्या कागदांत शोधून चालणार नाही.

आता '-कर' या प्रत्ययाकडे नीट पाहा. वाईत राहणाऱ्याला वाईकर म्हणून काय ओळख पटणार? तिथे सगळेच वाईकर. वाईकर हे नाव पुण्यात किंवा साताऱ्यात मिळतं, वाई सोडल्यावर. म्हणजे बहुतेक वेळा '-कर' आडनाव आपण कुठून निघालो ते सांगतं. मल्हाररावांचे होळकर हे नीरेकाठच्या होळ गावावरून, मास्टर दीनानाथांचं मंगेशकर हे गोव्यातल्या मंगेशीवरून. अपवाद आहेतच. फलटणचे निंबाळकर मूळचे पवार मानले जातात, आणि त्यांचं नाव फलटणजवळच्याच निंबळक गावावरून आलं. तिथे गाव सुटलं नव्हतं, गाव हीच सत्तेची ओळख होती.

'-कर' मध्ये आणखी एक अडचण आहे. वडगाव, पिंपळगाव, नांदगाव या नावांची गावं महाराष्ट्रात इतकी आहेत की वडगावकरांनी आपलं वडगाव कोणतं हे ठरवायलाच वर्ष जाईल. शिवाय काही गावं आता जागेवर नाहीत. कोयना, उजनी, जायकवाडी यांच्या पाण्याखाली गेलेली आहेत आणि त्याआधी दुष्काळात, साथीत, लुटालुटीत ओस पडलेलीही आहेत. महसुलाच्या कागदात अशा गावापुढे 'बेचिराख' असं लिहिलेलं असतं: जिथे दिवा लागत नाही असं गाव. आडनावातलं गाव नकाशावर सापडत नसेल तर तालुक्याच्या जुन्या यादीत बेचिराख गावं पाहावीत.

दुसरा मोठा गट हुद्द्यांचा. कुलकर्णी, देशपांडे, देशमुख, पाटील, चौगुले, खोत, इनामदार. आणि फारशी दरबारातून आलेले फडणीस, चिटणीस, सबनीस, पोतनीस, पारसनीस, मुजुमदार. यातला 'नीस' म्हणजे फारशीतला 'नवीस', लिहिणारा. पारसनीस म्हणजे फारशीत लिहिणारा. या आडनावांतून पूर्वज काय करायचा ते कळतं, पण कोण होता ते नाही. राज्यभरचे कुलकर्णी एका रक्ताचे नाहीत, पाटील तर नाहीतच. हुद्द्याच्या आडनावाखाली बहुधा एक जुनं आडनाव दडलेलं असतं. नाना फडणवीस हे वेळासचे भानू. लोकहितवादी गोपाळ हरी देशमुख हे मूळचे सिद्धये. तुमच्या घरात 'आपण खरे अमुक' असं एखादी आत्या म्हणत असेल, तर ती बडबड समजू नका, लिहून ठेवा.

मग प्रदेशाची छाप असते. चंद्रपूर-गडचिरोलीपासून नांदेडपर्यंत दिसणारी '-वार' ही आडनावं तेलुगूतल्या 'वारु'शी नातं सांगतात, म्हणजे शोध गोदावरीपलीकडेही न्यावा लागतो. आणि शेवटी टोपणनावांची मोठी गर्दी: वाघमारे, एकबोटे, डोईफोडे, काळे, टकले. यांच्यामागे प्रत्येक घरात एक कथा असते आणि ती ऐकायला फार छान असते. बडोद्याच्या गायकवाडांची कथा सर्वांना माहीत आहे: कसायाच्या तावडीतून गाई सोडवून पूर्वजाने त्यांना कवाडाआड घेतलं, म्हणून गायकवाड. खरी असेलही. पण आडनाव फोडून त्यातून गोष्ट बनवणं हा आपला जुना छंद आहे, आणि कथा जितकी नीटस तितकी ती नंतर रचली गेल्याची शक्यता जास्त. इंटरनेटवर 'तुमच्या आडनावाचा अर्थ' सांगणाऱ्या याद्यांबद्दल तर न बोललेलं बरं.

तर कामाला सुरुवात कुठून करायची? स्वतःपासून. उलट दिशेने कधीच नाही. कोणा सरदारापासून सुरू करून स्वतःपर्यंत पोचणारे लोक हमखास पोचतात, कारण त्यांना पोचायचंच असतं.

घरात पहिल्यांदा विचारायचं ते श्राद्धाच्या नावांचं. ज्या घरांत पितृपक्ष विधीने होतो तिथे तर्पणात बाप, आजा, पणजा यांची नावं घ्यावी लागतात, तशीच आई, आजी, पणजीची आणि आईकडच्या तीन पिढ्यांतल्या नवरा-बायकोंचीही. म्हणजे घरातल्या कोणाच्या तरी तोंडात बारा नावांची वंशावळ असते. बऱ्याच जुन्या वह्यांत ती गुरुजींच्या सोयीसाठी लिहिलेलीही सापडते. कुलदैवत, गोत्र किंवा देवक हेही विचारून घ्यावं. त्यातून नातं सिद्ध होत नाही, पण दिशा मिळते.

त्यानंतर शाळा. शंभर वर्षांच्या शाळा आपल्याकडे खूप आहेत, आणि त्यांचं जनरल रजिस्टर जपलेलं असेल तर आजोबांचं पूर्ण नाव, जात, जन्मगाव, जन्मतारीख मिळते. तारखेवर विश्वास ठेवू नका. शाळा सुरू व्हायच्या हिशोबाने मास्तरांनी १ जून लिहून टाकलेल्या आजोबांची एक पिढीच्या पिढी आपल्याकडे आहे.

त्याच काळाचा दुसरा कागद म्हणजे गाव नमुना १४, ज्याला लोक कोतवाल बुक म्हणतात. गावातल्या जन्म-मृत्यूची नोंद. तहसील कचेरीत त्याची नक्कल मिळते. यात मूल जन्मलं तर बहुतेकदा मुलाचं नावच नसतं, बारशाआधीच नोंद झालेली असते. 'मुलगा' एवढंच, आणि बापाचं नाव. आडनावाची जागा पुष्कळदा रिकामी किंवा तिथे जात लिहिलेली. २०२३ मध्ये न्यायमूर्ती शिंदे समितीने मराठवाड्यात कुणबी नोंदी शोधायला सुरुवात केली, तेव्हा एरवी कोणी न उघडलेली अशीच रजिस्टरं कपाटांतून बाहेर आली.

पण खरा खजिना जमिनीच्या कागदात आहे. सात-बारा सगळ्यांना माहीत असतो, तो मात्र आजचा मालक सांगतो. मागे जायचं तर फेरफार हवा, म्हणजे गाव नमुना ६. मुंबई इलाख्यात १९०३ च्या कायद्याने हक्कनोंदणी सुरू झाली आणि त्यानंतर खातेदार मेला, वाटणी झाली, जमीन विकली किंवा गहाण पडली की फेरफाराला नंबर पडू लागला. वारसाचा एक चांगला फेरफार म्हणजे कुटुंबाचा फोटोच: कोण वारला, केव्हा, मागे मुलगे किती, मोठा कोण, अज्ञान म्हणजे वयात न आलेला कोण, बायको आहे का. सात-बाऱ्यावर नावाशेजारी वर्तुळात जे आकडे असतात ते याच फेरफारांचे नंबर. एकेक नंबर घेऊन मागे जात राहायचं. 'आपले अभिलेख' या सरकारी संकेतस्थळावर बऱ्याच जिल्ह्यांतले असे जुने कागद आता घरबसल्या पाहता येतात.

ते वाचायला थोडी परिभाषा लागते. 'गणू बिन तुका' म्हणजे तुकाचा मुलगा गणू. 'वलद' म्हणजेही तेच, मराठवाड्यात हा शब्द जास्त. 'सखू कोम गणू' म्हणजे गणूची बायको सखू, आणि 'भ्र.' दिसलं तर भ्रतार, नवरा. 'अ.पा.क.' म्हणजे अज्ञान पालनकर्ता, नाव लहान मुलाचं आणि कारभार मोठ्याचा. 'ए.कु.मॅ.' म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. हा शेवटचा फार महत्त्वाचा. थोरल्या भावाचं एकट्याचं नाव लागलेलं असतं म्हणून धाकट्यांना जमीन नव्हती असं होत नाही; ते त्या तीन अक्षरांत बसलेले असतात. माझ्या पणजोबांना मी कित्येक महिने भूमिहीन समजत होतो, तो याच अक्षरांचा प्रताप.

एका ठिकाणी मात्र धागा हमखास तुटतो. १९४७ च्या तुकडेजोड कायद्यानंतर गावोगाव एकत्रीकरण झालं आणि जुने सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. गट ११२ म्हणजे पूर्वीचा कोणता सर्व्हे नंबर, हे सांगणारं एकत्रीकरणाचं पत्रक भूमी अभिलेख कार्यालयात मागावं लागतं. ते न घेता लोक १९४० चा फेरफार ११२ वर शोधतात आणि भलत्याच घराण्याचे वारस होऊन परततात.

वतनदारांसाठी आणखी एक वाट आहे. कुलकर्णी वतनं १९५० च्या कायद्याने, महार वतनासारखी कनिष्ठ गावकामगार वतनं १९५८ च्या, आणि पाटीलकी १९६२ च्या कायद्याने गेली. त्या वेळी आणि त्याआधीच्या वतनाच्या प्रकरणांत हिस्सेदारांची नावं, वंशावळी दाखल झाल्या. ज्यांच्या घराण्याचा इतिहास कोणी पुस्तकात लिहिला नाही, त्या महार वतनदार घराण्यांना हे कागद विशेष उपयोगी पडतात. वतनी जमिनीत कोणाचा किती हिस्सा, हे तिथे नावानिशी असतं.

इथे एक सावधगिरी. वंशावळ कौतुकासाठी क्वचितच लिहिली जाते. ती हक्कासाठी लिहिली जाते. १८५२ मध्ये इनामं तपासणाऱ्या इंग्रजांच्या इनाम कमिशनला कायद्याचं बळ मिळालं आणि इनामदारांना आपली सनद व वारसा सिद्ध करायची वेळ आली, तेव्हा कैफियतींसोबत वंशावळी आल्या. त्यांत मूळ पुरुष जरा जास्तच जुना असतो, आणि भांडणाऱ्या भाऊबंदाची शाखा विसरली गेलेली असते. समोरच्या पक्षाची वंशावळही मिळाली तर दोन्ही शेजारी ठेवून वाचावी. छापील कुलवृत्तांतांचंही, म्हणजे एकेका घराण्याच्या इतिहासाच्या पुस्तकांचंही तेच. ते मेहनतीने केलेले असतात, पण अलीकडच्या पाच-सहा पिढ्या पक्क्या आणि मूळ पुरुषापासून तिथवरचा जोड ऐकीव, असं पुष्कळदा असतं. ज्या पुस्तकात 'दुवा न जुळलेली घराणी' असा प्रामाणिक विभाग आहे, त्यावर माझा जास्त विश्वास बसतो.

शंभर-सव्वाशे वर्षांपलीकडे गेलात की मोडी येते. अक्षरं एकमेकांत गुंतलेली, शब्दांत अंतर नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. घाबरण्यासारखं काही नाही. सरकारी आणि खासगी मोडी वर्ग चालतात, आणि नावं व गावं वाचण्यापुरती मोडी काही महिन्यांच्या सरावाने येते. मोडीहून जास्त फसवते ती तारीख.

जुन्या मराठी कागदात शके असेल तर सोपं: ७८ मिळवा. पण कारभाराच्या कागदात बहुधा शुहूर सन असतो, आणि तो आकड्यात नसून अरबी शब्दांत असतो, एकक आधी. 'इहिदे सितैन मया व अलफ' हे मंत्रासारखं वाटतं, पण हिशोब साधा आहे: इहिदे म्हणजे एक, सितैन साठ, मया शंभर, अलफ हजार. झाले ११६१. त्यात ५९९ मिळवले की १७६०. हे वर्ष मृगाच्या सुमारास, म्हणजे जूनच्या आगेमागे बदलतं, म्हणून ११६१ म्हणजे १७६० चा पावसाळा ते १७६१ चा उन्हाळा. पानिपतची १४ जानेवारी १७६१ याच वर्षात येते, म्हणून हे एक वर्ष पाठ करून ठेवलं की बाकीची पडताळता येतात. जानेवारी ते मे मधल्या कागदाला ६०० मिळवायचे, हे विसरलं की पूर्वज एक वर्ष आधीच मरतो. मराठवाड्यातल्या निजामी कागदांत फसली सन असतो. त्यात ५९० मिळवायचे. फसली १३५७ म्हणजे १९४७-४८. आणि तिथे फेरफाराऐवजी सेतवार व खासरा पत्रक ही जमिनीच्या नोंदीची जुनी पत्रकं मागायची, नागपूरकडे अधिकार अभिलेख. पुण्याचं पेशवे दप्तर, म्हणजे पुराभिलेखागार, यात कोट्यवधी मोडी कागद आहेत, पण तिथे गावाचं नाव आणि अंदाजे साल घेऊन जावं. आडनाव घेऊन गेलात तर आपण पुन्हा कटगुणात.

कागदाबाहेरचे नोंदवहीवालेही आहेत. त्र्यंबकेश्वर, नाशिक, पंढरपूर, काशी, गया इथल्या तीर्थोपाध्यायांकडे यजमानांच्या वह्या असतात. तिथेही गाव सांगितलं की वही निघते, आणि एखाद्या खापरपणजोबाने मोडीत केलेली स्वतःची सही समोर येते. घरी फोटो नसलेल्या माणसाचं अक्षर पाहणं हा अनुभव वेगळाच. कोल्हापूर, सांगली, सोलापूर पट्ट्यात हेळवी येतात. सुगीनंतर आपल्या ठरलेल्या घरांत जाऊन वही वाचून वंश सांगणं आणि नवी बाळं लिहून घेणं हे त्यांचं पिढीजात काम. हेळव्यांची वही कधी कधी सरकारी कागदाच्याही मागे जाते, आणि मूळ गाव कर्नाटकातलं असेल तर ते हमखास सांगते.

गोव्याकडच्या घराण्यांना एक वेगळा चकवा लागतो. कुलदैवत कवळ्याची शांतादुर्गा किंवा प्रियोळमधल्या मंगेशीचा मंगेश, म्हणून आपण कवळ्याचे, प्रियोळचे, असं अनेक जण धरून चालतात. पण ही दैवतंच मुळात हललेली आहेत. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांच्या भीतीने मंगेश कुठ्ठाळीहून आणि शांतादुर्गा केळशीहून खाडीपलीकडे नेण्यात आली. मूळ गाव शोधायचं ते जुन्या सासष्टीत. ज्या घराण्यांनी धर्म बदलला त्यांच्या नोंदी चर्चच्या बाप्तिस्मा रजिस्टरांत आहेत, आणि पणजीचं पुराभिलेखागार तर १५९५ सालापासूनचं. इतकी जुनी सलग व्यवस्था महाराष्ट्रात कुठे नाही. समुद्र ओलांडून मॉरिशसला करारावर गेलेल्या कोकणी माणसांचं तर अधिकच तपशिलात मिळतं. मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत स्थलांतराची रजिस्टरं आहेत: जहाजाचं नाव, वय, उंची, बापाचं नाव, गाव, आणि काहींचे फोटोसुद्धा. गंमत म्हणजे तिथे पुष्कळांच्या बाबतीत माणसाचं किंवा बापाचं पहिलं नावच पुढे आडनाव झालं, त्यामुळे गावाकडचं आडनाव तिथे शोधणं व्यर्थ.

आतापर्यंत सगळा शोध पुरुषांचाच झाला, हे लक्षात आलं असेल. पणजी शोधणं दुपटीने कठीण, कारण लग्नात आडनावाबरोबर तिचं नावही बदललेलं असे. माहेरची दुर्गा सासरी पार्वती. फेरफारात ती पार्वती कोम अमुक म्हणून येते, तेही बहुधा नवरा मेल्यावरच. पण तिच्या बापाच्या वारसाच्या फेरफारात कधी कधी खाली एक ओळ असते: मुली लग्न होऊन सासरी नांदत आहेत, आणि गावाचं नाव. त्या गावाच्या नावावरून दोन घराणी जुळतात. तर्पणातल्या मातामहांची, म्हणजे आईकडच्या आजोबा-पणजोबांची नावं आणि तीर्थक्षेत्राच्या वहीत सुनेच्या माहेरची नोंद, एवढेच आणखी दोन आधार. यापैकी कशातही नसेल, तर घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईला विचारावं, आणि तेही आधी. कागद आपली वाट पाहतात, म्हाताऱ्या बायका नाहीत.

मूळ गावी गेलात तर आडनाव विचारायच्या आधी शेतांची नावं विचारा. गावात प्रत्येक रानाला नाव असतं, आणि त्यातली कित्येक माणसांची असतात. मिरासदार, म्हणजे जमिनीवर पिढीजात हक्क असलेलं, घराणं निपुत्रिक गेलं किंवा परागंदा झालं की पेशवाईच्या कागदात त्याला 'गतकुळ' म्हणत, पण त्याच्या जमिनीचं थळ त्याच्याच नावाने चालू राही. मालक तीनदा बदलले, गट पडले, विहीर झाली, ऊस आला, तरी बांधावरचा म्हातारा हात करून सांगतो, "ते ना, ते गोऱ्ह्यांचं." गोऱ्हे कुठे राहतात विचारलं तर म्हणतो, "या गावात गोऱ्हे नाहीत कोणी."